टिळकांची प्रार्थना आणि लक्ष्मीबाईंची चूल

‘टिळकांच्या प्रार्थनेला पाच वर्षांनी फळ आले’ हे वाक्य मी माझ्या व्याख्यानांत अनेकदा वापरले आहे. नारायण वामन टिळकांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंनी घेतला तो १९०० मध्ये. वजाबाकी केली की पाच येतात. दोन वर्षांपूर्वी चाळीसगावात दहा-बारा वाचकांच्या बैठकीत हेच वाक्य बोललो आणि मागे बसलेल्या एका निवृत्त परिचारिकेने हात वर केला. बाई ख्रिस्ती, नवरा नाही. म्हणाल्या, “भाऊ, मी एकोणतीस वर्षं मालकांसाठी प्रार्थना करते. तुमच्या हिशेबानं ती वाया गेली म्हणायची का?” सगळे हसले, त्याही हसल्या. मला मात्र उत्तर सुचले नाही. घरी येऊन ‘स्मृतिचित्रे’ पुन्हा काढले. या वेळी हातात पेन्सिल घेऊन.

आधी त्या प्रार्थनेचे शास्त्र पाहू. करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या सातव्या अध्यायात पौल सांगतो, की जोडीदाराचा विश्वास नसेल पण त्याला एकत्र नांदायचे असेल तर त्याला सोडू नये. तो आपण होऊन निघून जात असेल तर जाऊ द्यावे, विश्वास ठेवणारा बांधलेला राहत नाही. आणि लगेच विचारतो, तू आपल्या जोडीदाराला तारशील हे तुला कशावरून ठाऊक? चर्चमध्ये हा प्रश्न बहुधा आशेच्या सुरात वाचला जातो. मला तो इशारा वाटतो. जोडीदाराचे तारण हा आपल्या हातातला सौदा नव्हे, असे पौल तिथे बजावतो आहे. पहिल्या पेत्राच्या तिसऱ्या अध्यायातही बायकांना सांगितले आहे ते शब्दांवाचून, वागण्याने नवऱ्याला जिंकण्याचे.

पौलाच्या त्या ‘जाऊ द्यावे’चा पुढे आपल्याकडे कायदा झाला. १८६६ च्या एकविसाव्या कायद्याने एतद्देशीय ख्रिस्ती माणसाला अशी सोय दिली, की धर्मांतरामुळे जोडीदाराने सहा महिने त्याला टाकले तर त्याने कोर्टात जावे. न्यायाधीशाने त्या जोडीदाराला विचारावे, वर्षभर थांबावे, पुन्हा विचारावे आणि तरीही नकार आला तर लग्न मोडावे. पुनर्विवाह मोकळा. म्हणजे १८९५ नंतर टिळकांपुढे कायदेशीर दार उघडे होते. बायको माहेरच्या माणसांच्या पहाऱ्यात, कधी पंढरपुरात. स्वतः मिशनच्या नोकरीत. त्या दारातून ते गेले नाहीत. टिळकांच्या चरित्रपर लेखनात या न जाण्याकडे फारसे कुणाचे लक्ष जात नाही. माझ्या मते त्यांच्या प्रार्थनेचा सर्वात ठळक पुरावा तोच आहे.

कारण ‘स्मृतिचित्रे’त टिळकांच्या प्रार्थनेपेक्षा त्यांचे वागणेच जास्त दिसते. आणि ते वागणे, स्पष्ट बोलायचे तर, संसाराला पोषक नव्हते. न सांगता घर सोडणे, हातात आलेला पैसा कुणालाही देऊन टाकणे, रागावणे आणि तितक्याच घाईने विरघळणे हे बाप्तिस्म्याच्या आधीही होते आणि नंतरही राहिले. धर्मांतराने मोडू पाहिलेला हा संसार आधी धड होता असे लक्ष्मीबाई कुठेही भासवत नाहीत. भक्तिपर साहित्यात ही कबुली दुर्मीळ आहे. तिथे बहुधा एक जण प्रकाशात आणि दुसरा अंधारात असतो, प्रार्थना करणारा लिहितो आणि जिच्यासाठी प्रार्थना होते ती गप्प असते. बाबा पदमनजींच्या १८५७ च्या ‘यमुनापर्यटन’मध्ये तर नवरा-बायको दोघेही मनाने ख्रिस्ताकडे झुकलेले, म्हणजे हा पेच मुळातच टळलेला. ‘स्मृतिचित्रे’त प्रथमच जिच्यासाठी प्रार्थना चालली होती ती बाई बोलते, आणि हसत बोलते.

आता चुलीकडे येतो. ताटातुटीनंतर लक्ष्मीबाई नवऱ्याच्या गावी, नगरला आल्या, त्या ख्रिस्ती व्हायला नव्हे. सोवळे, पाणी, स्वयंपाक सगळे त्यांनी वेगळे ठेवले. ज्या मुलीचे वडील बाहेरून आलेली वस्तू धुतल्याशिवाय घरात घेत नसत, तिचे हे सोवळे. आयुष्यभर त्याचा जाच सोसूनही ते तिच्या हाडात होते. ही वेगळी चूल म्हणजे हट्ट असे मी पूर्वी लिहिले होते. ते चुकले. नवऱ्याजवळ राहायचे पण त्याचा धर्म घ्यायचा नाही, यासाठी बाईच्या हाती एवढेच साधन होते. पौलाच्या भाषेत, अविश्वासी जोडीदार नांदायला तयार होता, फक्त आपल्या अटींवर. टिळकांनी त्या अटी चालू दिल्या.

चूल मोडली ती ख्रिस्तामुळे नव्हे. जातिभेद देवाने केलेला नाही, माणसांनी केला आहे, असे लक्ष्मीबाईंच्या मनाने घेतले आणि यापुढे कुणाच्याही हातचे खायचे असे त्यांनी ठरवले. पण तेव्हाही त्या ख्रिस्ती झाल्या नाहीत. आधी जात गेली, मग श्रद्धा आली. हा क्रम महत्त्वाचा आहे. नुसते पतीमागून जायचे असते तर तो उलटा लागला असता.

इथे इंग्रजी अनुवादाबद्दल एक गोष्ट सांगायला हवी. जोसेफाइन इंकस्टर यांचा अनुवाद १९५० मध्ये ऑक्सफर्डने काढला, नाव ‘आय फॉलो आफ्टर’. जुन्या इंग्रजी बायबलात फिलिप्पैकरांस पत्राच्या तिसऱ्या अध्यायात हे शब्द पौलाच्या तोंडी आहेत आणि तो धावतो आहे ख्रिस्तामागे. पण मराठी कानाला त्या नावात पतीमागून सात पावले चालणारी बाई ऐकू येते. माझे ‘फळ आले’ हे वाक्यही त्याच जातीचे होते. श्रेय टिळकांच्या खात्यावर, विचार लक्ष्मीबाईंचा.

मग टिळकांच्या प्रार्थनेने काहीच केले नाही? तसेही मला म्हणवत नाही. कोर्टाचे दार न ठोठावणे, वेगळी चूल चालू देणे, यासाठी त्यांच्यासारख्या उतावळ्या माणसाला बळ कुठून आले, हा प्रश्न उरतोच. प्रार्थना टिळकांवरच अधिक चालली असावी. अर्थात हे माझे अनुमान, पुरावा नव्हे.

आपल्या खानदेशातली एक गोष्ट या संदर्भात कुणी मांडत नाही. १९०७ मध्ये जळगावला कविसंमेलन भरले, त्यात धरणगावचा त्र्यंबक बापूजी ठोमरे चमकला आणि ‘बालकवी’ झाला. टिळकांनी त्याला नगरला नेले, लक्ष्मीबाईंनी आईच्या मायेने सांभाळले. कवितेच्या इतिहासात या घटनेचे महत्त्व ठरलेले आहे. मला दिसते ते वेगळे. एका धर्मप्रचारकाच्या घरात ख्रिस्ती नसलेला एक तरुण घरच्यासारखा वावरला आणि ख्रिस्ती न होताच राहिला. ५ मे १९१८ रोजी भादली स्टेशनजवळ रेल्वेखाली त्याचा अंत झाला. वर्षभराने, ९ मे १९१९ ला, टिळक गेले. त्यांचे ‘ख्रिस्तायन’ अपुरे राहिले होते; त्याचे ६४ अध्याय लिहिले लक्ष्मीबाईंनी. पतीचे अपुरे काम तिने पूर्ण केले, असे म्हणण्याची पद्धत आहे. टिळकांचे अध्याय दहाच्या आसपास. या प्रमाणात ग्रंथ कुणाचा म्हणायचा?

त्या परिचारिका परवा स्टेशन रोडवर भेटल्या. माझी ‘स्मृतिचित्रे’ची प्रत त्यांच्याकडेच आहे. परत कधी देता, असे विचारले तर म्हणाल्या, “माझं झालं वाचून. आता मालक वाचताहेत. वडिलांच्या सोवळ्यापर्यंत आलेत, रोज रात्री मोठ्यानं वाचून दाखवतात. थांबा थोडे दिवस.”