परका आपल्याच आत : 'क्वाटरमास अँड द पिट' या दूरचित्रमालिकेचे गुणदोष

ज्या कथेत दुसऱ्या ग्रहावरील जीव पृथ्वीवर अवतरतात, त्या कथेला एका प्रश्नाचे उत्तर द्यावेच लागते : हे परके नेमके कोण, आणि त्यांच्यासमोर उभे असलेले आपण कोण? एच. जी. वेल्स यांच्या १८९८ सालच्या 'द वॉर ऑफ द वर्ल्ड्स' या कादंबरीत मंगळवासी आकाशातून येतात, इंग्लंडची धूळधाण करतात आणि अखेर पृथ्वीवरील सूक्ष्म जंतूंपुढे हतबल होऊन मरतात. वेल्स यांनी त्या आक्रमणाच्या मिषाने साम्राज्यवादी मनाला आरसा दाखविला होता. परंतु त्यांच्या असंख्य अनुकर्त्यांनी आरसा बाजूस ठेवला आणि आक्रमण तेवढे उचलले. त्यामुळे परग्रहवासीयांच्या कथा बहुधा सीमेवरच्या लढाईसारख्या झाल्या : शत्रू पलीकडे, आपण अलीकडे, आणि मध्ये एक स्वच्छ रेषा. ही रेषाच पुसून टाकण्याचे धाडस ज्या थोड्या कृतींनी केले, त्यांत 'क्वाटरमास अँड द पिट' या ब्रिटिश दूरचित्रमालिकेचे स्थान फार वरचे आहे. तिचे गुण मोठे आहेत. दोषही लहान नाहीत. हे गुण आणि दोष एकाच मुळातून उगवले आहेत, हे दाखविणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

सहा भागांची ही मालिका बीबीसीने २२ डिसेंबर १९५८ ते २६ जानेवारी १९५९ या काळात दर सोमवारी प्रक्षेपित केली. लेखन नायजेल नील यांचे, निर्मिती व दिग्दर्शन रुडॉल्फ कार्टिए यांचे, आणि प्राध्यापक क्वाटरमासची भूमिका आंद्रे मोरेल यांची. याच लेखक-दिग्दर्शकांनी १९५३ आणि १९५५ साली दोन मालिका सादर करून हा नायक घरोघर पोहोचविला होता. त्या काळच्या रीतीप्रमाणे बराचसा भाग स्टुडिओतून थेट, नाटकासारखा सादर होई आणि आधी चित्रित केलेली दृश्ये त्यात गुंफली जात. पहिल्या मालिकेचे आज दोनच भाग शिल्लक आहेत. या तिसरीचे मात्र सहाही भाग सुदैवाने टिकले आहेत.

कथानक थोडक्यात असे. लंडनच्या नाइट्सब्रिज भागात इमारतीचा पाया खणताना मजुरांना एक विलक्षण कवटी सापडते. डॉ. मॅथ्यू रोनी हा संशोधक ती ५० लाख वर्षांपूर्वीच्या मानवसदृश प्राण्याची आहे असे ठरवितो. खोदकाम पुढे जाते तो धातूसारखी गुळगुळीत, अवजड वस्तू लागते. महायुद्धात न फुटलेला जर्मन बॉम्ब समजून लष्कर येते. क्वाटरमासच्या अग्निबाण-संशोधन केंद्रावर लष्कराचा ताबा नुकताच बसू लागलेला असतो आणि कर्नल ब्रीन हा अधिकारी त्याच्यावर लादला गेलेला असतो. तो ही वस्तू म्हणजे जर्मनांचे अस्त्रच, असा निर्वाळा देतो. पण वस्तूच्या आत बंद कप्प्यात निघतात ते शिंगे असलेल्या, टोळांसारख्या प्राण्यांचे देह. मरणाच्या वाटेवर असलेल्या मंगळावरील या प्राण्यांनी पृथ्वीवरचे वानर नेले, त्यांच्या मेंदूत फेरफार केले आणि त्यांना परत आणून सोडले. ते स्वतः येथे जगू शकत नव्हते म्हणून आपला स्वभाव तरी त्यांनी दुसऱ्यांच्या देहात पेरून ठेवला, असा तर्क हळूहळू पुढे येतो. त्या वानरांचे वंशज म्हणजे आपण.

मालिकेचा पहिला गुण म्हणजे या तर्कापर्यंत पोहोचण्याची तिची रीत. विज्ञानकथा बहुधा वर पाहते. ही कथा खाली खणते. प्रत्येक भागात जमिनीचा एक थर निघतो आणि त्याबरोबर स्मृतीचाही. शेजारच्या पडक्या घरांविषयी एक पोलीस शिपाई अवघडून काही सांगतो. मग जुन्या नोंदी चाळल्या जातात, आणि ध्यानात येते की या जागी जेव्हा जेव्हा जमीन हलविली गेली, तेव्हा तेव्हा लोकांना भुते दिसली. गल्लीचे नाव हॉब्ज लेन. पण जुन्या पाटीवर त्याचे अक्षरलेखन निराळे आहे, आणि 'हॉब' हे तर सैतानाचे एक जुने नाव! एका अक्षराच्या फरकातून सबंध दंतकथा उघडी पडते. शब्दांच्या व्युत्पत्तीतून इतिहास शोधणाऱ्या अध्यापकांना या प्रसंगाची गोडी वेगळी सांगावयास नको.

आपल्या साहित्यशास्त्राच्या परिभाषेत बोलावयाचे तर येथे भयानक हा अद्भुताच्या पाठीवर बसून येत नाही. तो नित्याच्या व्यवहारातून पाझरतो. चिखल, फावडी, सरकारी कागद, वृत्तपत्रांचे बातमीदार, मंत्र्यांची बैठक, हे सारे इतके ओळखीचे आहे की त्यात शिरलेली अनोळखी गोष्ट अंगावर येते. बीबीसीच्या १९५८ सालीच सुरू झालेल्या ध्वनिप्रयोग विभागाने निर्माण केलेले नाद या भयाला साथ देतात. स्लॅडन नावाचा साधा कारागीर, यंत्राने त्या वस्तूला भोक पाडण्यासाठी बोलाविलेला, अचानक पछाडल्यासारखा धावत सुटतो. त्याच्या भोवतीच्या वस्तू हवेत उडू लागतात. अखेर चर्चच्या आवारात तो जमिनीवर कोसळतो. या प्रसंगात दाखविलेले थोडे आणि सूचित केलेले पुष्कळ आहे. ध्वनीचे, म्हणजे व्यंजनेचे, सामर्थ्य ते हेच.

दुसरा गुण आशयाचा. आर्थर क्लार्क यांच्या १९५३ सालच्या 'चाइल्डहूड्स एंड' या कादंबरीतील परग्रहवासीही सैतानाच्या रूपाचे आहेत. पण तेथे सैतानाची प्रतिमा ही पुढे येणाऱ्या अंताची मागे उमटलेली सावली आहे. नील यांनी बाण उलट दिशेने सोडला. त्यांच्या मते ती भविष्याची चाहूल नसून भूतकाळाची ठेव आहे. मंगळवासीयांच्या वारुळात ठराविक काळाने एक संहार होई. जे इतरांहून वेगळे, त्यांना कळपाने मारून टाकावयाचे. हा संहार माणसाच्या रक्तात आजही निद्रिस्त आहे, असे मालिका म्हणते. हे म्हटले गेले ते केव्हा, हे विसरता येत नाही. १९५८ च्या ऑगस्टअखेरीस लंडनच्या नॉटिंग हिल भागात वेस्ट इंडीजमधून आलेल्या कृष्णवर्णीयांवर जमावांनी हल्ले केले होते. चारच महिन्यांनी ही मालिका त्याच शहराच्या घरांतून दिसू लागली. दिग्दर्शक कार्टिए हे व्हिएन्नात जन्मलेले ज्यू. हिटलरच्या राजवटीमुळे त्यांना इंग्लंडचा आश्रय घ्यावा लागला होता. अखेरच्या भागात विजेच्या प्रवाहाने ती वस्तू जागी होते आणि लंडनचे रस्ते उन्मत्त जमावांनी भरतात. ज्यांच्यात हा वारसा नाही त्यांना शोधून शोधून ठार मारले जाते. तेव्हा पडद्यावरील कल्पित आणि पडद्याबाहेरील वास्तव यांत फारसे अंतर उरत नाही. 'परग्रहवासी' या शब्दातले 'पर' हे पद येथे गळून पडते.

आता दोषांकडे वळू. पात्रचित्रण असमतोल आहे. कर्नल ब्रीन आणि मंत्री यांना लेखकाने इतके हटवादी केले आहे की त्यांच्याशी होणारा वाद हा वाद राहत नाही. समोर पुरावा असूनही ब्रीन तो जर्मन प्रचाराचा डाव ठरवितो. त्याच्या मताला थोडे बळ दिले असते तर क्वाटरमासच्या मताचे तेज वाढले असते. दुर्बळ प्रतिपक्षावर मिळविलेला जय नाट्यदृष्ट्या फिकाच पडतो. बार्बरा जड ही रोनीची सहायिका बुद्धिमान आहे, जुन्या नोंदींचा शोध घेण्यात तिचा वाटा आहे. पण कथेच्या कळसाशी तिला केवळ माध्यम करून टाकले आहे. तिच्या मेंदूतील दृश्ये यंत्राने टिपली जातात, त्यांचा अर्थ मात्र पुरुष लावतात.

ते टिपलेले दृश्य हाच दुसरा दोष. वारुळातील संहार जोवर शब्दांत आणि चेहऱ्यांवर होता, तोवर तो भीषण होता. पडद्यावर बाहुल्यांसारखे प्राणी धडपडताना दिसले की ती भीषणता उणावते. साधने तुटपुंजी होती हे मान्य. परंतु जे साधनांना पेलत नाही ते न दाखविण्याचे औचित्य याच मालिकेने इतरत्र सांभाळले आहे, म्हणून येथील स्खलन अधिक जाणवते.

सर्वांत गंभीर दोष मात्र विचाराचा आहे, आणि तो मालिकेच्या थोर गुणालाच चिकटलेला आहे. भुते, सैतान, पिशाचबाधा, मनाने वस्तू हलविण्याची शक्ती, जमावाचा द्वेष, या सर्व कुलुपांना नील एकच किल्ली लावतात. किल्ली लागते तेव्हा आनंद होतो. पण प्रत्येक कुलपाला तीच लागू लागली की कुलुपांविषयीच शंका येते. शिवाय, परक्याचा द्वेष हा जर कोणी परक्यानेच आपल्यात पेरला असेल, तर दोष कोणाचा? वानर निरपराध होता, मंगळवासी अपराधी, आणि माणूस केवळ वाहक! ज्या कथेने शत्रू आपल्या आत दाखविला, तीच कथा मागल्या दाराने त्याला पुन्हा बाहेर पाठविते. रोनी या प्रभावापासून मुक्त आहे. पण तो का मुक्त आहे? केवळ वारसा वेगळा म्हणून. तेव्हा दुर्गुण जसा जन्माने आला तसा सद्‌गुणही जन्मानेच आला, असे म्हणण्याची पाळी येते. वंशावरून माणसांची प्रतवारी करणाऱ्या ज्या वृत्तीवर मालिका प्रहार करते, तिच्याच परिसरात हा विचार नकळत जाऊन पोहोचतो.

नील यांना ही अडचण जाणवली असावी. म्हणूनच शेवटी क्वाटरमास दूरचित्रवाणीवरून राष्ट्राला उद्देशून बोलतो आणि बजावतो की हा वारसा आपणच ताब्यात ठेवला नाही, तर पृथ्वीही दुसरा मृत मंगळ होईल. जबाबदारी पुन्हा माणसाच्या खांद्यावर ठेवणारे हे भाषण उदात्त आहे. पण ते भाषण आहे. नाटकाने जे घडवून दाखवावयाचे ते येथे सांगितले गेले आहे.

तथापि या भाषणापूर्वी एक प्रसंग येऊन जातो, आणि आमच्या मते मालिकेचे खरे उत्तर तेथे आहे. उन्मादाच्या लाटेत स्वतः क्वाटरमासही सापडतो. ज्याने सर्व ओळखले, सर्वांना सावध केले, त्याचे ज्ञान त्याला वाचवू शकत नाही. त्याला भानावर आणतो तो रोनी, त्याचा मित्र. त्यानंतर दोघे मिळून उपाय शोधतात. सैतानाला लोखंड सोसत नाही ही जुनी समजूत त्यांना आठवते. बाळंतिणीच्या उशाशी लोखंड ठेवणाऱ्या आपल्या समाजाला ती अपरिचित नाही. रोनी लोखंडी साखळी घेऊन त्या तेजोमय आकृतीवर फेकतो आणि तिच्याबरोबर स्वतःही संपतो. वारशावर मात कशाने होते, या प्रश्नाचे उत्तर येथे शब्दांवाचून मिळते : ज्याला मारून टाकण्याची ऊर्मी जमावात उठली आहे, त्या 'वेगळ्या' माणसाचा हात धरल्याने. नील यांनी हा प्रसंग घाईत उरकला नसता तर अखेरच्या भाषणाची गरज कदाचित उरली नसती.

बीबीसीनेच १९६१ साली 'ए फॉर अँड्रोमेडा' ही मालिका सादर केली. जॉन एलियट यांच्यासह तिचे लेखन करणारे फ्रेड हॉइल हे 'यक्षांची देणगी'कार जयंत नारळीकर यांचे गुरू. तेथे संदेश दूरच्या आकाशातून येतो आणि शास्त्र शास्त्रीयच राहते. त्या मानाने नील यांचे विज्ञान ढोबळ आहे. नारळीकरांच्या परंपरेत वाढलेला मराठी वाचक त्यावर बोट ठेवील, आणि ते योग्यच होईल. परंतु विज्ञानकथेची कसोटी केवळ विज्ञानाच्या अचूकपणावर संपत नाही. ती कथा माणसाविषयी काय जाणते, हेही पाहावे लागते. या कसोटीवर 'क्वाटरमास अँड द पिट' उतरते ती तिच्या सिद्धान्तामुळे नव्हे, तर त्या सिद्धान्ताला न जुमानणाऱ्या एका मैत्रीमुळे. वर्गात ही मालिका कोणी अभ्यासास घेतलीच, तर मंगळवासी कोठून आले यापेक्षा रोनी का पुढे झाला, हा प्रश्न विद्यार्थ्यांपुढे ठेवावा.