निष्ठा कोणाशी?
(घाटंजी येथे दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)

पत्रिकेवर विषय छापलाय, ‘स्वयंसेवी संस्थांतील नोकरीची अशाश्वतता आणि कर्मचाऱ्यांची बांधिलकी’. तो वाचून एक ताई मघाशी म्हणाल्या, ‘सर, मार्च आला की आमच्या पोटात गोळा येतो, तेच ना?’ तेच.

यावरचं बरंचसं लेखन एका मांडणीवर उभं आहे. जॉन मेयर आणि नॅटली अ‍ॅलन यांनी 1991 मध्ये बांधिलकीचे तीन प्रकार सांगितले. जीव जडला म्हणून राहणं, सोडलं तर नुकसान होईल म्हणून राहणं, आणि सोडणं योग्य वाटत नाही म्हणून राहणं. मांडणी कामाची आहे. पण तिन्हींत समोर संस्थाच आहे. पुढे 1993 मध्ये मेयर-अ‍ॅलन यांनी व्यवसायाशी असलेल्या बांधिलकीचाही विचार केला, हे खरं. तरी ज्यांच्यासाठी काम चालतं, त्या माणसांना या हिशेबात वेगळा रकाना नाही.

आपल्याकडचं उदाहरण घ्या. कोलाम पोडावर तीन वर्षं जाणारी एखादी कार्यकर्ती. कोणाच्या घरी बाळंतीण आहे, कोणाचं वनहक्काचं कागदपत्र कुठे अडलंय, तिला तोंडपाठ. प्रकल्प 31 मार्चला संपतो. पोडावरच्या बाया विचारतात, ‘जूनमध्ये येशील ना?’ तिला माहीत नसतं. तरी एप्रिलमध्ये ती स्वतःच्या पेट्रोलनं जाते. मी एका संस्थेत होतो तेव्हा अशा जाण्याला आम्ही अहवालात ‘संस्थेप्रती निष्ठा’ लिहिलं. लिहिणारा मीच. ती संस्थेसाठी गेलीच नव्हती हो! तिची निष्ठा पोडाशी होती. आम्ही ती आमच्या खात्यात जमा करून घेतली.

म्हणून ‘अशाश्वततेमुळे निष्ठा घटते’ हे वाक्य मला अर्धंच वाटतं. संस्थेवरचा विश्वास घटतो, कामावरचा जीव तसाच राहतो, आणि त्या जिवावर दोन-तीन महिने फुकटात निघतात.

आता संस्थाचालकाला खलनायक करू नका. त्याच्याही हातात फार नसतं. सीएसआरच्या नियमांत ‘चालू प्रकल्प’ म्हणजे सुरू झालेलं वर्ष सोडून जास्तीत जास्त तीन वर्षं. म्हणजे मुदत कायद्यातच लिहिलेली. विदेशी देणग्यांच्या कायद्यात 2020 मध्ये दुरुस्ती झाली, प्रशासकीय खर्चाची मर्यादा 50 वरून 20 टक्क्यांवर आली आणि एका संस्थेनं दुसरीला तो पैसा देणं बंद झालं. मोठ्या शहरातल्या संस्थेमार्फत तालुक्याच्या गावी पोचणारी ती वाट बुजली.

पण अकरा महिन्यांचा करार? तो दात्यानं लादलेला नाही, आपणच शोधलाय. 1972 च्या कायद्यात ग्रॅच्युइटीला पाच वर्षांची सलग सेवा लागत होती; 2020 च्या सामाजिक सुरक्षा संहितेनं मुदतीच्या नोकरीसाठी ती अट एका वर्षावर आणली. मधे आठ दिवसांचा खाडा दाखवला की कागदावर वर्षही भरत नाही. कोर्ट ते मानेल का, हा वेगळा प्रश्न. दहा-बारा हजारांवाल्याला कोर्ट परवडतं कुठे? आणि पगाराला ‘मानधन’ म्हटलं की मागताना त्यालाच लाज वाटते.

आपली वाचनाची सवयही तपासा. ‘समिधा’, ‘प्रकाशवाटा’ आपण प्रेमानं वाचतो, वाचावीतच. पण ती आयुष्यभरासाठी उडी घेतलेल्या घराची पुस्तकं आहेत. त्या मापानं फील्डवरच्या पगारी माणसाला मोजलं, की तो नेहमी तोकडाच पडणार. त्याचं पुस्तक मराठीत माझ्या तरी वाचनात आलेलं नाही.

मग करायचं काय? माझी मागणी लहान आहे. निधी संपण्याची तारीख रुजू होतानाच लेखी सांगा. संपण्याच्या तीन महिने आधी ‘पुढचं नक्की नाही’ एवढं तोंडानं बोला. आणि एप्रिलमध्ये कोणी पोडावर गेलंच, तर त्याचं पेट्रोल द्या.

चिठ्ठी आलीय, वेळ संपली म्हणून. मघाच्या त्या ताईंना माइक द्या, पहिला प्रश्न त्यांचा.