साथीच्या वर्षाचा जमाखर्च

सन २०२० च्या साथीनें पुष्कळांची उपजीविका हिरावून घेतली. लेखकांना मात्र तिनें एक विषय दिला. घरांत कोंडून पडलेल्या लेखकानें तें वर्ष कसें काढलें, याच्या हकीकती आपल्याकडे व परदेशांतहि विपुल निघाल्या. आमचा एक जुना विद्यार्थी कोणाचीहि नोकरी न करतां केवळ लेखणीवर निर्वाह करतो. त्यानेंहि अशीच एक हकीकत लिहून आमच्याकडे अभिप्रायासाठीं आणली. किती लेख लिहिले, किती साभार परत आले, खिडकींतून कोणतें झाड दिसलें, हें सर्व तींत होतें. पहाटे दूध आणून देणाऱ्या माणसाच्या वांट्याला मात्र एकच ओळ आली होती. आम्ही त्याला डॅनियल डीफोचें ‘ए जर्नल ऑफ द प्लेग इयर’ वाचावयास दिलें.

हें पुस्तक १७२२ मध्यें लंडन येथें प्रसिद्ध झालें. त्याचा विषय १६६५ चा लंडनमधील प्लेग. त्या वेळीं डीफो पांचसहा वर्षांचा होता. तेव्हां ही रोजनिशी त्याची स्वतःची नव्हे. १७२० मध्यें मार्सेय बंदरांत प्लेग उद्भवल्यानें लंडनचे लोक भ्याले होते, आणि वाचकांची नाडी ओळखणाऱ्या या धंदेवाईक लेखकानें त्या भयांतच आपला विषय हेरला. त्याच वर्षीं त्याची ‘मॉल फ्लँडर्स’ ही कादंबरीहि निघाली. पोटासाठीं लिहिलेलें पुस्तक टिकत नाहीं असें मानणाऱ्यांनीं हें उदाहरण लक्षांत ठेवावें.

तें टिकलें कशानें? हकीकत सांगणारा गृहस्थ खोगिरांचा व्यापारी आहे. धंदा व माल सोडून जावें कीं राहावें या विवंचनेअंतीं तो शहरांतच राहतो, आणि त्याची दृष्टि इतरांच्या धंद्यांकडे वळते. फिती विणणारे, सोन्यारुप्याची किनार करणारे, टोप्या व हातमोजे शिवणारे, गवंडी, सुतार, खलाशी, घरकामाचे नोकर, असा एकेक वर्ग कसा बेकार झाला तें तो क्रमानें नोंदवितो. बाजारांत गिऱ्हाईक आंकड्यावरचें मांस स्वतःच्या हातानें काढून घेतें, आणि खाटिक पैशांना हात न लावतां ते शिरक्याच्या भांड्यांत टाकावयास लावतो. थेम्स नदीवरील एक नावाडी जहाजांवर आश्रय घेतलेल्या कुटुंबांना सामान पोंचवितो, आणि मिळालेली मजुरी घरापासून दूर एका दगडावर ठेवून बायकोला लांबूनच हांक मारतो. कारण घरांत रोग शिरलेला आहे. सरकारी नोंदींतील मृतांचा ६८ हजारांवरचा आंकडाहि निवेदकाला अपुरा वाटतो. रात्रीच्या अंधारांत प्रेतें वाहणाऱ्यांना मोजदाद करण्यास सवड कोठून असणार?

याहूनहि एक गोष्ट सूचक आहे. कांहीं दिवस तो स्वतःला घरांत कोंडून घेतो व लिहीत बसतो. नित्य घडणाऱ्या गोष्टींच्या टिपणांतून हें पुस्तक तयार झालें. खासगी चिंतन मात्र कधींहि प्रसिद्ध होऊं नये असें तो बजावतो.

पुस्तकांत दोष नाहींत असें नाहीं. तीच गोष्ट दोनतीनदां येते, एक हकीकत अर्धी टाकून दुसरी सुरू होते, आणि घरें बंद करण्याच्या कायद्यावरील चर्चा लांबत जाते. परंतु संकटांत सांपडलेला माणूस बोलतोहि असाच.

दोन आठवड्यांनीं विद्यार्थी पुस्तक परत घेऊन आला व नम्रपणें म्हणाला, “सर, त्या व्यापाऱ्याजवळ घर होतें, माल होता, म्हणून त्याला स्वतःविषयीं गप्प राहतां आलें. माझे तीन महिन्यांच्या लेखांचे पैसे आलेच नाहींत. तेंहि खासगीच समजावयाचें का?”

आम्हांस क्षणभर उत्तर सुचलें नाहीं. साथीच्या काळांतहि आमचें वेतन पहिल्या तारखेस येत होतें, आणि अशा माणसानें दुसऱ्यास मौनाचा उपदेश करणें फार सोपें असतें. डीफोच्या बेकारांच्या यादींत लेखक नाहीं. ज्याची मजुरी बुडाली त्या लेखकानें त्या यादींत आपलें नांव घालावें, हा त्याचा हक्कच आहे. आमचा अभिप्राय तेवढ्यापुरता अपुरा होता, हें आम्ही त्याच्याजवळ कबूल केलें.

परंतु त्याचें बाड पुन्हां चाळून पाहतां आढळलें तें असें: खिडकींतील झाडाला दोन पानें दिलेलीं होतीं, आणि बुडालेल्या पैशांविषयीं त्यांत एक अक्षरहि नव्हतें. तें त्यानें लिहावें, आणि त्याच्या शेजारींच दूधवाल्याची हकीकतहि लिहावी, एवढें सांगून आम्हीं बाड त्याच्या हातीं परत दिलें.