‘शेतकरी’ कोणाला म्हणावे?

२०१५ साली दिल्लीच्या कृषी मंत्रालयाने आपल्या नावाला ‘शेतकरी कल्याण’ हे शब्द जोडले. नाव बदलले म्हणून वागणूक बदलत नाही, हा आपला जुनाच अनुभव आहे. तरीपण ज्याचे कल्याण करावयाचे तो ‘शेतकरी’ मंत्रालयाच्या लेखी कोण, हे विचारणे भाग आहे. धोरण हीदेखील एक संहिता असते. तिच्यातला नायक कोण, हे शोधावे लागते.

डॉ. स्वामिनाथन यांच्या अध्यक्षतेखालील राष्ट्रीय शेतकरी आयोगाच्या अहवालांतून २००७ चे राष्ट्रीय शेतकरी धोरण निघाले. त्यातली व्याख्या मुळातून वाचण्यासारखी आहे. जमीनधारकाबरोबर शेतमजूर, बटाईदार, कूळ, मच्छीमार, कोंबड्या व जनावरे पाळणारे, मेंढपाळ, फिरती शेती करणारे आदिवासी या सर्वांना तिने शेतकरी म्हटले आहे. शासकीय गद्यात इतके प्रामाणिक वाक्य क्वचितच सापडते. जो राबतो तो शेतकरी, एवढेच ते सांगते.

पण शब्दाची परीक्षा तिजोरी उघडते तेव्हा होते. २०१९ मध्ये पीएम-किसान योजना आली. वर्षाला ६,००० रुपये मिळणार ते १ फेब्रुवारी २०१९ रोजी ज्याच्या नावे शेतजमीन आहे त्यालाच! आधी दोन हेक्टरांची मर्यादा होती. ती काही महिन्यांतच उठली. म्हणजे मोठ्या बागाईतदारासाठी दार उघडले, भूमिहीनासाठी ते बंदच राहिले. २०२३ मध्ये महाराष्ट्राने ‘नमो शेतकरी’ म्हणून आणखी ६,००० रुपये घातले, तेही याच यादीवर. बारा वर्षांपूर्वीची व्याख्या कोणी रद्द केली नव्हती. ती नुसती बाजूला ठेवली गेली. आपल्या देशात चांगली वाक्ये अशीच मरतात.

हे बाहेर ठेवलेले लोक थोडेथोडके नाहीत. १९५१ च्या जनगणनेत स्वतःची शेती कसणारे सुमारे सात कोटी होते, शेतमजूर पावणेतीन कोटी. २०११ मध्ये कसणारे ११.८८ कोटी आणि मजूर १४.४३ कोटी. मजुराची संख्या मालकाच्या पुढे गेली. जमीन मालकीची नसणे हा नशिबाचा खेळ नव्हे. वतन आणि वेठ यांनी बांधलेल्या जातींना ती मिळू दिली गेली नाही.

मजुरांची यादी नसते, अशी अडचण सांगितली जाते. ओडिशाने २०१८ च्या अखेरीस ‘कालिया’ योजना काढली, तीत भूमिहीन कुटुंबांनाही जागा दिली. म्हणजे इच्छा असली की यादी होते.

गायरानाची गोष्ट तर आपल्या घरातलीच. १९५९ आणि १९६४ च्या दादासाहेब गायकवाडांच्या सत्याग्रहांत माणसे तुरुंगात गेली. १४ एप्रिल १९९० पर्यंतची गायरानावरची भूमिहीनांची अतिक्रमणे नियमित करण्याचा निर्णय राज्य शासनाने १९९१ मध्ये घेतला. तरी मराठवाड्यात पड जमीन फोडून ज्वारी पिकवणाऱ्या कित्येकांच्या नावावर आजही सातबारा नाही. पीक खरे, पण पिकवणारा मात्र अतिक्रमक!

मच्छीमाराला निदान २०१९ मध्ये वेगळे मंत्रालय मिळाले. पुढच्या वर्षी २०,०५० कोटींची मत्स्यसंपदा योजनाही आली, जरी तिची मोठी उद्दिष्टे टनांत आणि निर्यातीच्या रुपयांत मांडलेली होती. भूमिहीन दलिताला जमीन देणारी योजना (चार एकर जिरायती किंवा दोन एकर बागायती) महाराष्ट्रात २००४ पासून आहे, दादासाहेबांच्याच नावाने आहे. पण ती सामाजिक न्याय विभागाची. म्हणजे जमीन हवी असणारा दलित हा शेतीचा प्रश्न नव्हे, कल्याणाचा लाभार्थी. शेतीचे धोरण ठरते त्या खोलीत त्याची फाईल जातच नाही.

१९४७ मध्ये शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनच्या वतीने बाबासाहेबांनी संविधान सभेसाठी निवेदन लिहिले. जमीन राज्याच्या मालकीची असावी, जातिभेद न पाळता ती गावकऱ्यांना सामुदायिकपणे कसण्यास द्यावी, पाणी, बैल, अवजारे, बियाणे राज्याने पुरवावे, असे त्यात आहे. या योजनेशी मतभेद असू शकतात. सामुदायिक शेतीचा अनुभव सगळीकडे चांगला नाही, हे मीही मान्य करीन. परंतु तिच्यात कसणारा मधोमध आहे, मालक नाही.

आजच्या अर्जात भूमापन क्रमांकाचा रकाना आहे. दुसऱ्याच्या रानात चाळीस वर्षे खुरपणाऱ्या बाईने तिथे काय लिहायचे?