खूण की कारण?

डोक्याला जबर मार लागला की रुग्णाच्या रक्तात इंटरल्यूकिन-६ आणि सी-रिअॅक्टिव्ह प्रथिन यांचे प्रमाण वाढते. शरीरात दाह सुरू असल्याची ही खूण; म्हणून या द्रव्यांना दाहाचे जैवनिर्देशक म्हणतात. ज्या रुग्णांमध्ये ही पातळी जास्त, ते सरासरीने कमी बरे होतात, असे काही अभ्यासांत आढळले आहे. इथपर्यंत आमची तक्रार नाही. तक्रार आहे ती पुढच्या उडीबद्दल. निर्देशक वाढला की रुग्ण खालावतो, तेव्हा निर्देशक उतरवला की रुग्ण सुधारेल, असे बातम्या आणि लोकप्रिय लेख सहज सुचवून जातात. हा तर्क तपासायला हवा.

पहिली गोष्ट, इंटरल्यूकिन-६ ही काही मेंदूची मिरासदारी नव्हे. मांडीचे हाड मोडले, मोठी शस्त्रक्रिया झाली किंवा फुप्फुसात जंतुसंसर्ग झाला, तरी ते वाढते. रस्त्यावरच्या अपघातात डोक्याबरोबर अनेकदा हातपायही मोडतात. ज्याला जखमा जास्त त्याचा निर्देशक जास्त, आणि त्याचेच बरे होणे अवघड. आगीच्या ठिकाणी बंब जितके जास्त तितके नुकसान जास्त दिसते. म्हणून नुकसान बंबांनी केले असे आपण म्हणत नाही.

दुसरी गोष्ट, दाह हा निव्वळ शत्रू नाही. मेंदूतील मायक्रोग्लिया नावाच्या पेशी मेलेल्या पेशींचा कचरा उचलतात आणि दुरुस्तीला हातभार लावतात. हेच काम अति झाले किंवा फार काळ चालले, तर शेजारच्या चांगल्या पेशींनाही इजा पोहोचते. म्हणजे प्रश्न ‘कधी, कुठे आणि किती’ असा आहे. दंडातून एकदा काढलेले रक्त त्याचे पूर्ण उत्तर देत नाही.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. ही उडी प्रत्यक्षात मारून पाहिली गेली आहे. सूज आणि दाह उतरवतात म्हणून डोक्याच्या दुखापतीत स्टेरॉइडे देण्याची पद्धत काही दशके चालू होती. त्यावरचे जुने प्रयोग छोटे होते. त्यांतून काहीच ठामपणे सांगता येत नव्हते. अखेर ‘क्रॅश’ या आंतरराष्ट्रीय प्रयोगात १०,००८ प्रौढ रुग्णांची चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे दोन गटांत विभागणी केली गेली. एका गटाला स्टेरॉइड, दुसऱ्याला तसेच दिसणारे पण औषध नसलेले द्रव्य. २००४ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. दोन आठवड्यांत स्टेरॉइड गटातील २१.१ टक्के, तर दुसऱ्या गटातील १७.९ टक्के रुग्ण दगावले होते. दर १०० रुग्णांमागे सुमारे ३ मृत्यू जास्त! सहा महिन्यांनंतरही हा फरक टिकून होता. तर्क गोंडस होता. त्याची किंमत रुग्णांनी मोजली.

अर्थात या प्रयोगावरून ‘दाह हितकर असतो’ असे म्हणणे ही उलट दिशेची तशीच उडी ठरेल. स्टेरॉइड रक्तातील साखर वाढवते, रोगप्रतिकारशक्ती दडपते. मृत्यू नेमके कशाने वाढले ते त्या प्रयोगातून उलगडले नाही. सिद्ध झाले ते एवढेच, की हा उपचार रुग्णांना तारत नाही, मारतो.

मग जैवनिर्देशक निरुपयोगी आहेत का? मुळीच नाही, प्रश्न नेमका असला की ते चांगले काम करतात. जीएफएपी आणि यूसीएच-एल१ ही प्रथिने मुख्यतः मेंदूच्या पेशींतून रक्तात येतात. दुखापत सौम्य वाटत असताना सीटी स्कॅन करावा की नाही, हे ठरवायला मदत करणाऱ्या त्यांच्या चाचणीला अमेरिकेत २०१८ साली मान्यता मिळाली. ही चाचणी रुग्ण पूर्ण बरा होईल की नाही असले भविष्य सांगत नाही, आणि तिच्याकडून तशी अपेक्षाही नाही.

शिक्षकांनी ‘अमुक द्रव्याचा अमुक आजाराशी संबंध आढळला’ अशी एखादी बातमी कापून वर्गात न्यावी आणि विद्यार्थ्यांना तीन प्रश्न विचारावेत. हे द्रव्य आणखी कशाने वाढते? ते कारण आहे की परिणाम? ते बदलून रुग्णात फरक पडतो का, हे कोणी तुलना करून पाहिले आहे का? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर बातमीत बहुधा नसते. ते नाही, हे विद्यार्थ्यांच्या स्वतःच्या लक्षात आले पाहिजे.