समोरची खिडकी

विदर्भात ‘कूलर’ म्हटलं की डोळ्यांपुढे येतो खिडकीत बसवलेला पत्र्याचा डबा, त्याच्या वाळ्याच्या ताट्या आणि पाण्याची टपटप. भंडाऱ्यात मे महिन्यात पारा पंचेचाळिशीकडे सरकतो, तेव्हा घरातलं वडीलधारं माणूस एकच गोष्ट बजावतं: समोरची खिडकी उघडी ठेवा, नाहीतर नुसतं दमट होईल. विमानाच्या ऑइल कूलरची जोडणी समजून घेताना मला हेच वाक्य आठवलं. ती सगळी रचना याच वाक्यावर उभी आहे.

घरी विमान बांधणारे आपल्यातही आहेत. कॅप्टन अमोल यादव यांनी कांदिवलीत इमारतीच्या गच्चीवर सहा आसनांचं विमान बांधलं, फेब्रुवारी २०१६ मध्ये ते मुंबईच्या ‘मेक इन इंडिया’ सप्ताहात मांडलं, २०१७ मध्ये त्याची नोंदणी झाली आणि २०२० मध्ये ते धुळ्यात उडालं. अशा विमानांचं कौतुक पंखांपाशी आणि पहिल्या उड्डाणापाशी थांबतं. मला मात्र काउलिंग, म्हणजे इंजिनावरचं झाकण, उघडून आतली वहीएवढी ॲल्युमिनियमची जाळी, म्हणजेच ऑइल कूलर, कवितेसारखी वाचायची आहे.

छोट्या विमानांत सर्रास दिसणारं लायकमिंग इंजिन घेऊ. ते हवेनं थंड होतं, पण हवा आतल्या बेअरिंगपर्यंत पोचत नाही. तिथली धग तेल पाठीवर घेऊन बाहेर येतं. पुढच्या तोंडांतून शिरलेली हवा सिलिंडरांच्या वर दाटते, त्यांच्या पात्यांमधून खाली उतरते आणि तळाशी निघून जाते. वर दाब जास्त, खाली कमी. कूलर बसतो तो या दोन दाबांच्या मध्ये. मागच्या बॅफलवर, म्हणजे हवा अडवणाऱ्या पत्र्यावर, बसवला तर वाट सरळ, पण इंजिनाच्या थरथरीनं पत्र्याला तडे जातात, म्हणून आधार द्यावा लागतो. फायरवॉलवर, म्हणजे इंजिनामागच्या भिंतीवर, बसवला तर थरथर कमी, पण हवा नळीतून वळवत न्यावी लागते आणि प्रत्येक वळणावर दाब सांडतो. काव्यशास्त्रकार क्षेमेंद्रानं औचित्याला रसाचा प्राण म्हटलं. ते औचित्य इथे कूलरच्या जागेच्या निवडीत आहे.

या रचनेतली माझी सर्वांत आवडती ओळ म्हणजे उष्णतेवर चालणारा झडपेचा खिळा. इंजिन गार असताना तो आडवाट उघडी ठेवतो आणि घट्ट तेल कूलरला वळसा घालून जातं. साधारण ८५ अंशांना तो लांब होऊन ही आडवाट बंद करतो, मग तेलाला जाळीतूनच जावं लागतं. बऱ्याच लायकमिंग इंजिनांत तेलाची कमाल मर्यादा ११८ अंश आहे. पण तेल फार गार राहिलं तरी चालत नाही: ज्वलनातून आलेली वाफ उडून न जाता पाणी होऊन साचते आणि पोलाद गंजतं. म्हणून थंडीत कूलरचा काही भाग पट्टीनं झाकतात. आपणही दिवाळीनंतर डब्यावर पोतं टाकतोच की!

तपशील तर कवितेच्या मीटरसारखे काटेकोर. नळ्यांची तोंडं शक्यतो वर, म्हणजे आत हवेचा फुगा अडकत नाही. जोड आवळताना दोन पाने, एक फिरवायला आणि एक कूलरचं तोंड धरून ठेवायला. मऊ ॲल्युमिनियमला जास्तीचा जोर सोसत नाही. एखादं इंजिन आतून फुटलं असेल तर त्याचा कूलर पुन्हा वापरायचा नाही, कारण जाळीत अडकलेला धातूचा कीस धुऊन पुरता निघत नाही.

तरीही तेल तापलं की हौशी माणूस पहिल्यांदा पुढचं तोंड मोठं करायला धावतो. त्यानं विमानाला होणारा हवेचा अडथळा वाढतो, तेल मात्र तसंच. जाणता माणूस आधी फटी बुजवतो, पारदर्शक नळीत रंगीत पाणी भरून जाळीच्या अलीकडचा-पलीकडचा दाब मोजतो, आणि खालची बाहेर जाण्याची वाट मोकळी करतो. दुखणं बहुतेक वेळा निघण्याच्या दारात असतं.

१९९९ मध्ये गोंदिया जिल्हा वेगळा होईपर्यंत बिरसीची धावपट्टी आपल्याच भंडारा जिल्ह्यात होती. तिथे मे महिन्याच्या दुपारी इंजिन चालू ठेवून उभ्या विमानाला वारा मिळतो तो फक्त प्रोपेलरच्या पंख्याचा, म्हणून वैमानिक विमानाचं नाक वाऱ्याकडे करून उभे राहतात. पुढच्या उन्हाळ्यात घरचा कूलर लावाल, तेव्हा आधी समोरची खिडकी उघडा.