कुतूहल, कौतुक आणि नवलेखक

मराठी समीक्षेत नवलेखकाच्या संदर्भात 'अनुभव' या शब्दाला जे स्थान मिळाले आहे, ते दुसऱ्या कोणत्याही शब्दाला मिळालेले नाही. लेखकाने आपण जगलेले लिहावे, अनुभवाशी इमान राखावे, हा उपदेश त्याला सर्वत्र ऐकावयास मिळतो. तो चुकीचा आहे असे नाही. ग्रामीण आणि दलित साहित्याने मराठीला जे दिले त्याचा पाया या आग्रहातच आहे. परंतु या उपदेशाची एक उणीव दुसऱ्या पुस्तकाच्या वेळी ध्यानात येते. पहिल्या पुस्तकात बालपण, घर, गाव आणि गाव सोडल्याची वेदना खर्ची पडते. दुसऱ्या पुस्तकात तीच सामग्री पातळ होऊन येते. अनेकांच्या बाबतीत दुसरे पुस्तक येतच नाही. अनुभव ही ठेव असेल, तर ती सरणारच. तिच्यात भर घालणारी शक्ती कोणती, हा प्रश्न म्हणूनच महत्त्वाचा ठरतो. ती शक्ती कुतूहल होय, असे प्रस्तुत विवेचनाचे प्रतिपादन आहे.

प्रथम शब्दांचा विचार करणे इष्ट होईल. संस्कृतात 'कौतुक' आणि 'कुतूहल' हे शब्द अर्थाने एकमेकांच्या निकटचे आहेत. नवीन वस्तूविषयी वाटणारी उत्सुकता हा दोहोंचा गाभा. मराठीत मात्र त्यांच्या वाटा वेगळ्या झाल्या. 'कुतूहल' मूळ अर्थाला धरून राहिले. 'कौतुक' प्राचीन मराठीतील नवल, लीला या अर्थांवरून सरकत सरकत आज प्रशंसेपाशी येऊन थांबले आहे. आपण मुलाचे कौतुक करतो, तेव्हा त्याच्याविषयी काही जाणून घ्यावयाचे उरलेले नसते. हा अर्थपालट नवलेखकाने लक्षात ठेवण्याजोगा आहे, कारण लेखनातही कुतूहलाचे कौतुक होण्यास फारसा वेळ लागत नाही. गावाकडच्या माणसाचा भोळेपणा, चुलीवरची भाकरी, पहाटेची मोट यांची वर्णने जेव्हा एकाच ठशाची होऊ लागतात, तेव्हा लेखकाचे पाहणे संपून कौतुक सुरू झाले आहे, असे खुशाल समजावे.

'जिज्ञासा' या शब्दाची घडणही उद्बोधक आहे. 'ज्ञा' धातूपासून इच्छार्थक प्रक्रियेने तो सिद्ध झाला. जाणण्याची इच्छा ती जिज्ञासा. याच प्रक्रियेने 'सृज्' धातूपासून 'सिसृक्षा', म्हणजे निर्माण करण्याची इच्छा, आणि 'श्रु' धातूपासून 'शुश्रूषा', म्हणजे ऐकण्याची इच्छा, हे शब्द बनतात. शुश्रूषेचा अर्थ पुढे सेवा असा झाला. गुरूचे ऐकू इच्छिणारा त्याची सेवा करतो, या मार्गाने तो बदल झाला असावा. नवलेखकाजवळ सिसृक्षा भरपूर असते. तिच्या जोरावरच तो लेखणी उचलतो. जिज्ञासाही बहुधा असते. कमी असते ती शुश्रूषा. ऐकून घेण्याची तयारी नसलेली जिज्ञासा चौकशीच्या पातळीवर राहते, आणि सिसृक्षेला मग स्वतःखेरीज विषय उरत नाही.

हे विवेचन अधांतरी राहू नये यासाठी एखादे गाव डोळ्यांसमोर ठेवावे. पुणे जिल्ह्याच्या शिरूर तालुक्यात, दौंडच्या सीमेलगत, भीमा आणि घोड या नद्यांच्या मधल्या प्रदेशात मांडवगण फराटा हे गाव आहे. तेथील एखादा तरुण लिहू लागला, तर त्याच्या कुतूहलाला पहिला विषय गावाचे नावच पुरवील. शिरूर तालुक्यात अशी जोडनावे ठायी ठायी आढळतात: तळेगाव ढमढेरे, पिंपळे जगताप, कवठे येमाई, रांजणगाव गणपती, रांजणगाव सांडस, टाकळी हाजी, टाकळी भीमा. दोन रांजणगावे, दोन टाकळ्या वेगळ्या ओळखता याव्यात म्हणून दुसरे पद जोडलेले दिसते. हे पद कोठे घराण्याचे, कोठे दैवताचे, कोठे नदीचे असते. शेजारच्या श्रीगोंदे तालुक्यातही एक मांडवगण आहे, आणि मांडवगण फराट्यात फराटे हे आडनाव आहे. यावरून 'फराटा' या पदाची दिशा सूचित होते.

परंतु मराठीत 'फराटा' या शब्दाला कुंचल्याचा किंवा लेखणीचा जोराने ओढलेला पट्टा असाही अर्थ आहे. नवलेखकाला हा अर्थ मोहात पाडील. नदीने ओढलेला फराटा म्हणजे आपले गाव, अशी कल्पना त्याला सुचेल आणि कविता तेथेच पुरी होईल. 'मांडवगण' या पदाच्या बाबतीतही मांडव, मांडव्य ऋषी अशी तयार उत्तरे हाताशी येतात. लोकव्युत्पत्तीचा स्वभावच असा, की प्रश्न नीट उभा राहण्यापूर्वी ती त्याचे समाधान करून टाकते. तिच्यात कल्पकता असते, पण कुतूहलाचा तिने अंत केलेला असतो. नवलेखकाची पहिली कसोटी येथे लागते. सुचलेले सुंदर उत्तर बाजूला ठेवून प्रश्न आणखी काही काळ बाळगता येतो काय? जुन्या कागदांत हे नाव कसे लिहिले आहे, वृद्ध माणसे ते कसे उच्चारतात, पलीकडच्या गावचे लोक या गावाला नुसते 'मांडवगण' म्हणतात की काय, हे विचारीत तो हिंडू लागला, तर व्युत्पत्ती सापडो न सापडो, त्याला माणसे सापडतील.

प्रश्न बाळगण्याचे एक मोठे उदाहरण याच परिसरात घडले आहे. घोड नदीच्या काठी असलेल्या इनामगाव येथे पुण्याच्या डेक्कन कॉलेजने १९६८ पासून १९८० नंतरच्या काही वर्षांपर्यंत उत्खनन केले. ह. धी. सांकलिया, म. के. ढवळीकर आणि झै. दा. अन्सारी ही नावे त्या कार्याशी निगडित आहेत. इसवी सनापूर्वी सुमारे १६०० ते ७०० या काळातील ताम्रपाषाणयुगीन शेतकऱ्यांची वस्ती तेथे थराथराने उलगडली. मृत अर्भकांना दोन कुंभ तोंडाशी तोंड लावून त्यांत ठेवीत आणि घराच्या जमिनीखालीच पुरीत, असे दिसून आले. संशोधकाने कुंभाचा आकार, त्याची दिशा, त्याचा थर यांची नोंद केली. त्याच जमिनीवर चूल पेटवणाऱ्या आईच्या मनात काय होते, हे सांगण्याचा अधिकार त्याच्या शास्त्राने त्याला दिलेला नाही. ललित लेखकाचे काम येथून पुढे सुरू होते. मात्र जमिनीखाली कुंभ आहे हे ठाऊक असल्याशिवाय ते सुरू होऊ शकत नाही. कल्पनाशक्ती माहितीची वैरीण आहे, हा समज नवलेखकांत बराच रूढ आहे. इनामगावचे उदाहरण त्याच्या विरुद्ध जाते.

मराठी गद्यात कुतूहलाचे रचनेत रूपांतर कसे होते, हे पाहण्यासाठी व्यंकटेश माडगूळकरांच्या आरंभीच्या दोन पुस्तकांकडे वळावे. 'माणदेशी माणसं' (१९४९) मध्ये लेखक आपल्याच मुलखातील माणसे रेखाटतो. तेथे अनुभवाचे भांडवल आहे. पण प्रत्येक व्यक्तिचित्राला लेखकाच्या दृष्टीने मर्यादा घातली आहे. जेवढे दिसले तेवढेच सांगावयाचे, असा तो संयम आहे. 'बनगरवाडी'त (१९५५) हा संयम कथानकाचे तत्त्व बनतो. धनगरांच्या वाडीवर आलेला तरुण मास्तर शिकवण्यासाठी आला आहे, पण कादंबरीभर शिकतो तोच. त्याला वाडीची माहिती नाही, हीच कादंबरीची गती आहे. निवेदन प्रमाण मराठीत आणि संवाद माणदेशी बोलीत, ही व्यवस्थाही त्या अपरिचयाला साजेशी आहे. दोन भाषांमधील अंतर निवेदक लपवीत नाही, आणि ते ओलांडल्याचा आवही आणीत नाही. माडगूळकर त्या मुलखाला परके नव्हते. ठाऊक असलेल्या प्रदेशाकडे नवख्याच्या डोळ्यांनी पाहण्याची युक्ती त्यांनी योजिली. पहिल्या पुस्तकानंतर लेखक रिता का झाला नाही, याचे एक उत्तर येथे मिळते.

दुसरे उदाहरण पुणे जिल्ह्यातच जन्मलेल्या लेखकाचे आहे. ओतूरचे अनिल अवचट (१९४४–२०२२) यांनी वैद्यकाचे शिक्षण घेतले, पण त्यांचे पहिले पुस्तक 'पूर्णिया' (१९६९) बिहारविषयीचे आहे. स्वतःच्या गावाविषयी लिहिण्याऐवजी, ज्याची भाषा आणि जमीन दोन्ही परकी, अशा मुलखापासून या लेखकाने आरंभ केला. हमाल, विडी-तंबाखूच्या कामातील स्त्रिया, दुष्काळाने घर सोडलेले लोक हे त्यांचे पुढचे विषय. आयुष्याच्या उत्तरार्धात त्यांनी 'कुतूहलापोटी' हे नाव देऊन सृष्टीविषयीचे पुस्तक लिहिले. त्यांच्या गद्यातील प्रश्न साधे असतात: दिवसाला किती तास, ओझे किती, मजुरी किती. वाक्ये लहान, बोलण्याच्या लयीची. या पद्धतीची एक उणीवही सांगितली पाहिजे. प्रश्नांचा साचा कायम राहिल्याने काही लेख एकमेकांसारखे वाटतात. तपशिलांच्या गर्दीत एखादे माणूस उभे राहता राहता राहून जाते. कुतूहलालाही सवय जडते, आणि सवय जडलेले कुतूहल नोंदवहीच्या पलीकडे जात नाही.

येथे एक आक्षेप संभवतो. दुसऱ्याच्या दुःखाविषयी कुतूहल बाळगणे हा भोचकपणा नव्हे काय? पाहणारा पाहून निघून जातो. ज्याला पाहिले तो तेथेच राहतो. हा आक्षेप खोडून काढता येण्याजोगा नाही, आणि खोडून काढूही नये. त्याचे भान असलेला लेखक प्रश्न विचारण्यापूर्वी थांबतो, आणि उत्तर मिळाल्यावर ते आपल्या सोयीने वाकवीत नाही. शुश्रूषेचे ऐकणे आणि सेवा हे दोन्ही अर्थ येथे एकत्र येतात. परंतु या भयाने न विचारणे हा उपाय होऊ शकत नाही. न विचारल्याने दुसऱ्याची अब्रू राखली जाते असे नाही. पुष्कळदा तो अदृश्यच राहतो.

मांडवगण फराट्याच्या नवलेखकाकडे पुन्हा वळल्यास हा मुद्दा स्पष्ट होईल. भीमाकाठच्या या उसाच्या पट्ट्यात हंगाम आला, की मराठवाड्याच्या बाजूने तोडणी कामगारांच्या टोळ्या येतात, शेताच्या कडेला कोप्या उभ्या राहतात, आणि हंगाम सरला की मोडतात. नवलेखकाने हे लहानपणापासून पाहिलेले असते. 'मुकादम', 'उचल', 'मोळी', 'वाढे' हे शब्द त्याच्या कानांवरून गेलेले असतात. अनुभव म्हणावा तर तो त्याच्यापाशी आहे. परंतु या व्यवसायात नवरा आणि बायको मिळून एक 'कोयता' धरतात, उचल कोयत्यामागे ठरते, आणि एकट्या माणसाला 'अर्धा कोयता' म्हणतात, याचा अर्थ काय, असे त्याने कधी स्वतःला विचारले आहे काय? दोन माणसांची एका हत्यारात गणना करणारा हा शब्द आहे. त्यात लग्न आहे, कर्ज आहे, आणि एकटे उरलेल्या बाईची मोजणीही आहे. या एका शब्दापाशी थांबून त्याने कोपीच्या दाराशी बसून ऐकावयाचे ठरवले, तर त्याला विषय शोधावा लागणार नाही.

नवलेखकाला 'तुझा अनुभव काय?' असे विचारण्याची आपल्या समीक्षेला सवय आहे. त्याच्या जोडीला 'तुला काय ठाऊक नाही?' हा प्रश्नही तिने विचारावयास हवा. त्याचे प्रामाणिक उत्तर ज्याला देता येईल, त्याला दुसऱ्या पुस्तकाची चिंता करण्याचे कारण नाही.